घरात घालायचा गॉगल

४ मार्च, सोमवार

हिच्या डोळ्याची पट्टी आज काढली. मोतीबिंदू चांगला पिकला होता म्हणे. डॉक्टरीणबाई असं सांगत होत्या, जणू काही आमच्या झाडाचं फळ. ऑपरेशन मात्र उत्तम झालं आहे. आता महिनाभर थेंब घालायचे, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, डोळ्याला ऊन आणि धूळ लागू द्यायची नाही. दवाखान्यातून एक काळा प्लॅस्टिकचा गॉगल फुकट मिळाला. फुकट वस्तूनं जसं दिसावं तसाच आहे. तो घालून ही बाहेर आली तेव्हा वेल्डिंगचं काम अर्धवट टाकून आलेल्या माणसासारखी दिसत होती. मी तसं बोललोही. हसली नाही.

थेंब मीच घालतो. वेळापत्रक करून फ्रिजवर चिकटवलं आहे. हिच्यावर सोडलं तर सकाळचे थेंब दुपारी पडायचे. थेंब घालताना ही अंग आक्रसून घेते. मी म्हटलं, हलू नकोस. मग हलली नाही.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. "आईला विचारा, काय खावंसं वाटतंय," म्हणाली. विचारायचं काय त्यात? इतक्या वर्षांच्या संसारात हिला काय हवं, काय नको, हे मला कधी विचारावं लागलेलं नाही. डोळ्यांत दिसतं. उभं आयुष्य शाळेत गेलं, त्यातली शेवटची वर्षं मुख्याध्यापकाच्या खुर्चीत. समोरच्याच्या डोळ्यांत बघून पोटातलं ओळखायचं, हीच माझी सगळी कमाई. खिडकीची काच फुटली तर मी कोणाला 'तू फोडलीस का' असं विचारत नसे. रांगेत उभं करून नुसता एकेकाकडे बघायचो. पोरं आपोआप कबूल व्हायची. एक-दोनदा भलत्यानंच कबूल केलं, ते सोडा.

आणि हिचे डोळे म्हणजे तर ठळक टायपातलं पुस्तक.

गाजराचं सूप केलं होतं. हिला आवडतं. अर्धंच प्यायली. थकवा असणार.

७ मार्च

मुलीनं फोनवरून टुमणंच लावलं, आईला चांगला गॉगल घेऊन द्या. म्हणून आज बाजाराच्या कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानात गेलो. दुकान चालवणारी बाई मध्यमवयीन, बोलायला गोड, आणि घाई नावाची गोष्ट तिला ठाऊक नाही. मला घाई होती. मी आत शिरताच भिंतीवरचा एक पसंत केला. तपकिरी, चौकोनी, बेताचा, कुठंही घालून गेलं तरी कोणी वळून बघणार नाही असा. म्हटलं, हा द्या बांधून.

चष्मेवालीनं तो ट्रेमध्ये ठेवून हिच्यासमोर सरकवला. हिनं घातला. आरशात पाहिलं. काढला, काड्या मिटल्या, परत ट्रेमध्ये ठेवला आणि म्हणाली, "हा नको."

मला आधी वाटलं, ऐकण्यात चूक झाली. आमच्या घराचे पडदे, भिंतींचे रंग, सोफा, मुलीची शाळा, सगळं मी ठरवलं आणि हिनं एकदाही 'नको' म्हटलं नाही. मी चष्मेवालीला समजावलं की डोळ्यात औषध असल्यामुळे हिला नीट दिसत नसेल. चष्मेवाली म्हणाली, "घालून बघू द्या की, साहेब. गॉगल काय, एका नजरेत ठरत नसतो."

मग सुरू झालं. गोल, लांबट, मांजरीच्या डोळ्यांसारखे टोकं वर गेलेले, निळे, गुलाबी. एक घातल्यावर ही सिनेमातल्या तस्करासारखी दिसायला लागली आणि दोघी फिदीफिदी हसल्या. मी स्टुलावर हिची पर्स मांडीवर घेऊन बसलो होतो. मागं गिऱ्हाइकं खोळंबली होती. लाज मला वाटत होती, हिला नाही.

अखेर हिनं एक भलामोठा उचलला. काड्या गडद हिरव्या, आणि काचा पारा लावल्यासारख्या, आरसाच. तो घालून ही माझ्याकडे वळली तेव्हा मला दोन मुख्याध्यापक दिसले. दोघांच्याही मांडीवर पर्स.

मी म्हटलं, मोटरसायकलवाल्यांचा आहे हा.

हिनं माझ्याकडे लक्षच दिलं नाही. चष्मेवालीला विचारलं, "बाहेरून माझे डोळे दिसतात का हो?"

बाईनं वाकून, या बाजूनं, त्या बाजूनं पाहिलं. "अजिबात नाही दिसत. तुम्हाला मात्र आतून सगळं स्वच्छ दिसेल."

"मग हाच द्या."

डोळा अजून लाल आहे, तो चारचौघांत दिसू नये म्हणून. कारण माझ्या लगेच लक्षात आलं. बायकांचं कसं असतं, वय झालं तरी आरसा सुटत नाही. माझ्या मांडीवरची पर्स उचलून पैसे तिनंच दिले. 

११ मार्च

हा गॉगल ही घरातही घालते. सकाळी उठल्यावर तोंड धुतलं की गॉगल. स्वयंपाक करताना गॉगल. टीव्हीसमोर गॉगल. काढते ती फक्त थेंब घालताना आणि झोपताना. थेंब घालतानाही नजर छताकडे. काढला की डबीत, डबी कपाटाच्या वरच्या खणात. इतकी निगा या बाईनं दागिन्यांची कधी राखली नाही.

मी विचारलं, घरात कशाला? म्हणाली, उजेड सहन होत नाही. आमचं बैठकीचं दार उत्तरेकडे. त्या खोलीत भरदुपारी वर्तमानपत्र वाचायला दिवा लावावा लागतो.

१८ मार्च

तपासणीला गेलो होतो. मुद्दाम हिच्यासमोरच डॉक्टरीणबाईंना विचारलं की घरात गॉगल घालायची गरज आहे का. त्या म्हणाल्या, छे, जखम छान भरली आहे. उन्हात घाला, घरात काही नको. मी हिच्याकडे पाहिलं. ही म्हणाली, "बरं."

बाहेर आल्यावर मी रिक्षात म्हटलं, ऐकलंस ना? म्हणाली, ऐकलं.

घरी आलो. चपला काढल्या, हात धुतले, चहा टाकला. गॉगल नाकावर तसाच.

म्हणजे उजेडाचं कारण नव्हतं. मग काय कारण? दिवसभर विचार करतो आहे. डोळा लाल नाही आता, दुखत नाही, उजेडाचा त्रास नाही. पूर्वी अशी काही अडचण असली तर मी हिच्या चेहऱ्याकडे एकदा बघायचो आणि संपायचं. आता बघायला गेलं की मीच दिसतो.

२१ मार्च

आज जेवताना एक गंमत झाली. गंमत म्हणायची इतकंच. शाळेत तपासनीस आले होते तेव्हाचा किस्सा सांगत होतो. त्यांनी सहावीच्या वर्गात प्रश्न विचारला आणि मी नुसत्या नजरेनं मागच्या बाकावरच्या पोराला उत्तर सांगितलं, तो. पूर्वी मी बोलायला लागलो की ही ताटाकडे बघत ऐकायची, शेवटी वर बघून हसायची. आज ही सरळ माझ्याकडे तोंड करून बसली होती. ऐकते आहे की नाही, कळेना. कंटाळली, रागावली, की डोळे मिटून बसली आहे, काहीच कळेना. त्या दोन काचांत घास हातात धरून बडबडणारा एक म्हातारा. मी अडखळलो. तपासनिसांनी काय प्रश्न विचारला होता तोच आठवेना. इतक्यांदा सांगितलेला किस्सा, आणि मध्येच तुटला.

हिनं मला पाणी ओतून दिलं. मग म्हणाली, "नद्यांची नावं विचारली होती."

तिला पाठ होता. म्हणजे आवडतच असणार.

शाळेत कोणी पोरगा गॉगल घालून आला की मी तो काढून घेऊन टेबलाच्या खणात टाकायचो आणि वर्ष संपल्यावर द्यायचो. शिस्तीचा भाग म्हणून. आज ते उगाच आठवलं.

२४ मार्च, रविवार

जुने सहकारी भेटायला आले होते, गणिताचे सर आणि चित्रकलेच्या बाई. हिच्या डोळ्याची चौकशी करायला म्हणून आले, पण गप्पा शाळेच्याच. हिनं गॉगल घालूनच चहा आणला. मी सांगून टाकलं, डॉक्टरांनी अजून घालायला सांगितलाय. ही कप मांडत राहिली. पाहुण्यांसमोर मला खोटं पाडू नये एवढी समज आहे हिला.

चित्रकलेच्या बाईंना बोलायला विषय कमी पडत नाहीत. हिच्या हातच्या भरतकामाचं कौतुक करता करता त्यांनी विचारलं, "तुम्ही त्या नाट्यगृहाच्या कपडेपटात जाणार होतात ना एकदा? सगळा कपडेपट तुमच्या हाती देणार होते. मग काय झालं त्याचं?"

मीच उत्तर दिलं. हे उत्तर मी बऱ्याच जणांना दिलेलं आहे. सांगितलं की मुलगी नुकतीच शाळेत जायला लागली होती. नाट्यगृह हिच्या थोरल्या बहिणीच्या गावात, म्हणजे रोज सकाळ-संध्याकाळ बसचा प्रवास. निरोप आला त्या दिवशी हिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मी एका नजरेत ओळखलं, घर सोडून एवढं लांब जायचं हिच्या जिवावर आलंय. बोलायची भीड वाटत असणार. म्हणून मीच फोन करून नाही म्हणून कळवलं. माणसानं न बोलता ओळखलं पाहिजे, असं मी पुढं म्हणत होतो.

ही गणिताच्या सरांना चहा ओतून देत होती. किटली खाली ठेवली आणि म्हणाली, "मला जायचं होतं. म्हणून पाणी आलं होतं."

आवाज चढवला नाही, काही नाही. दूध संपलं, आणायला हवं, असं म्हणावं तसं.

गणिताचे सर बिनसाखरेच्या चहात चमचा ढवळत राहिले. चित्रकलेच्या बाई म्हणाल्या, काड्यांचा हिरवा रंग फार सुरेख आहे हो, कुठं मिळाला? हिनं दुकानाचा पत्ता सांगितला. दोघं लवकर गेले.

ते गेल्यावर मी म्हटलं, तसं होतं तर तेव्हाच बोलायचं होतंस. ही कप गोळा करत होती. म्हणाली, "तुम्ही मला सांगितलंत तोवर फोन ठेवून झाला होता."

२५ मार्च

कालचं लिहून मोकळा झालो, पण डोक्यातून जात नाही. माणसाची आठवण इतक्या वर्षांनी भरवशाची राहत नाही, हे मान्य करायला हवं. तिची म्हणतोय मी. मला तर ती दुपार स्वच्छ दिसते. ही दारात उभी होती, हातात मुलीचा गणवेश होता, आणि डोळे भरलेले होते. भरलेले होते एवढं खरं. ते कशानं भरले, हे पाण्यावर लिहिलेलं नसतं. पण मी चुकलो असेन असं वाटत नाही. एवढ्या पोरांची पारख केली, घरातल्या माणसाची चुकेल?

दुपारी ही अंघोळीला गेली असताना कपाटातून तो गॉगल काढून घालून पाहिला. वाटलं होतं, आतून अंधार असेल. तसा नाही. सगळं दिसतं, जरा संध्याकाळ झाल्यासारखं, बरं वाटतं. जेवणाच्या टेबलाशी हिच्या जागेवर जाऊन बसलो आणि समोर पाहिलं. तिथून माझी खुर्ची दिसते. खुर्ची एवढी मोठी आहे हे कधी ध्यानात आलं नव्हतं. मागची खिडकी सगळी झाकून टाकते.

पाण्याचा आवाज थांबला तसा गॉगल जागच्या जागी ठेवला.

२७ मार्च

आज एक अपघात झाला. हिचा गॉगल माझ्या खुर्चीवर होता आणि मी त्यावर बसलो. एक काच तडकली, एक काडी मुळापासून गेली. ही नेहमी तो डबीत घालून वरच्या खणात ठेवते, आजच खुर्चीवर कसा आला कोण जाणे. डबी कपाटातच होती, झाकण लावलेली. माणूस बसताना खाली बघून बसत नाही. हे मी हिला नीट समजावून सांगितलं. दोन वेळा सांगितलं.

ही अंघोळ करून आली होती, केस ओले. तिनं तुकडे ओंजळीत गोळा केले. एक बारीक कपची जमिनीवर राहिली होती, तीही बोटानं उचलली. मला विचारलं, "तुम्हाला लागलं नाही ना?"

मी म्हटलं, नाही.

त्या वेळी कितीतरी दिवसांनी हिचे डोळे नीट दिसले. ऑपरेशनचा डोळा फार स्वच्छ झाला आहे, लहान मुलाचा असावा तसा. मी चांगलं निरखून पाहिलं. राग नव्हता. पाणी नव्हतं. काहीही नव्हतं. मला एकदम हलकं वाटलं. उगाच मी इतके दिवस जिवाला घोर लावून घेतला.

दिवसभर घरात छान शांतता होती. गाजराचं सूप केलं.

२९ मार्च

ही थोरल्या बहिणीकडे गेली. काल जेवताना म्हणाली, ताईकडे जाते. 'जाऊन येते' म्हणायची पद्धत आहे, पण हिला बोलताना शब्दांचं भान कमी. मी म्हटलं, जा, हवापालट होईल. थेंबांचं वेळापत्रक फ्रिजवरून काढून दिलं. तिनं घडी घालून परत माझ्या हातात दिलं, म्हणाली, पाठ आहे.

एक बॅग कपड्यांची. दुसऱ्या बॅगेत मोठी कात्री, दोऱ्यांची रिळं, टाचण्यांची उशी, मापाची पट्टी. चार दिवस बहिणीकडे जाताना कात्री कोण नेतं? हवापालटात हाताला चाळा हवा म्हणून असेल. स्टँडवर सोडायला निघालो तर म्हणाली, नको, उन्हात कशाला. स्वतः मात्र उन्हातच गेली, उघड्या डोळ्यांनी.

६ एप्रिल

एकट्यानं राहणं काही अवघड नाही. शाळेच्या सहलींना चाळीस-चाळीस पोरं सांभाळली आहेत, एक स्वतःला सांभाळायला काय लागतं? भात लागला एवढंच. आणि कपडे साठले आहेत.

हिचा फोन नाही. मी केला तेव्हा बहिणीनं घेतला. म्हणाली, कामात आहे ती. कसलं काम, तर म्हणाली, तिलाच विचारा. दोघी बहिणी लहानपणापासून अशाच, ताकास तूर लागू द्यायची नाही. मुलीला फोन केला तर तीही हं हं करते. बापाशी बोलायला शब्द मोजून आणते. मी विचारलं, आई कधी येणार म्हणाली? तर म्हणाली, "बाबा, तो गॉगल खरंच चुकून तुटला?"

मी फोन ठेवला. हल्लीच्या मुलांना मोठ्यांशी कसं बोलावं याचा पोच नाही.

तरी पण माझ्या मनात आलं, आपल्या हातून वस्तू मोडली तर भरून द्यायला आपण चुकू नये. म्हणून चष्मेवालीकडे गेलो. आरशाच्या काचांचा मागायची माझी इच्छा नव्हती, पण विचारलं. ती म्हणाली, "तसाच दुसरा बाईंनी नेला की. बस पकडायची होती, घाईत होत्या. पण काचा मात्र उजेडात धरून नीट बघून घेतल्या."

म्हणजे इथून जाताना आधी दुकानात गेली, मग स्टँडवर. मला बोलली नाही. बोलली असती तर मी काय नको म्हटलं असतं?

तो तपकिरी अजून भिंतीवर तिथंच होता. तोच घेतला. बघून बघून त्या आरशाचा कंटाळा येणारच, तेव्हा हा उपयोगी पडेल. मी पहिल्यांदा निवडलं ते बरोबर होतं हे तिला उशिरा का होईना पटेल. चष्मेवालीनं विचारलं, "घालून नाही बघत?" मी म्हटलं, माझ्यासाठी नाही. ती म्हणाली, तेच म्हणतेय मी, ज्यांना घालायचा त्यांनी बघायला नको?

९ एप्रिल, मंगळवार

आज गेलो होतो. जसं घडलं तसं लिहून ठेवतो.

थोरलीचं घर तिसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद. तिनं दार उघडलं. "या," म्हणाली. 'या ना' नाही, 'या'. पुढच्या खोलीत सगळीकडे कापड पसरलं होतं. टेबलावर शिवणयंत्र, खुर्चीच्या पाठीला एक काळा लांब अंगरखा, त्याला सोनेरी फीत अर्धी लावलेली. नाटकातल्या कुठल्या तरी राजाचा असावा. खिडकीशी ही बसली होती. ओठांत टाचण्या धरून बहिणीच्या कुठल्या तरी बोलण्यावर हसत होती, टाचण्या पडू न देता. डोळ्यांवर काही नव्हतं. सुईत दोरा ओवत होती. पहिल्याच झटक्यात ओवला.

तेवढ्यात तिचं माझ्याकडे लक्ष गेलं.

हसू एकदम गेलं नाही, हळूहळू गेलं. तिनं सुई कापडात खोचली. ओठांतल्या टाचण्या एकेक काढून उशीला लावल्या. मग खिडकीच्या कट्ट्यावरची डबी उघडली, हिरव्या काड्यांचा गॉगल काढला आणि घातला. खोलीत उजेड बेताचाच होता. खिडकीला पडदा होता.

"बसा," म्हणाली.

बसलो. थोरली पाणी ठेवून आत गेली. मी तब्येतीचं विचारलं, ठीक आहे म्हणाली. थेंब कोण घालतं? "मीच घालते." कपडेपटात एक बाई सोडून गेली, तिच्या जागी बोलावलं आहे. प्रमुख वगैरे नाही, हाताखालचं काम आहे, पण शिवण तिला हवी तशी मिळते. हे सगळं ती सांगत होती आणि मी ऐकत होतो. आवाजावरून काही थांग लागत नव्हता. दुसरा डोळाही पुढंमागं करावा लागेल, घर धूळ खात पडलं आहे, शेजारी चौकशी करतात, असं मी बरंच बोललो. ती सगळं ऐकून घेत होती, की घेत नव्हती, मला कसं कळणार?

मी गॉगल काढून दाखवला, तपकिरी. तिनं हातात घेतला, काड्या उघडून मिटून पाहिल्या. "चांगला आहे," म्हणाली. "तुम्हाला शोभेल." आणि परत माझ्यासमोर ठेवला.

मग मात्र मला राहवलं नाही. म्हटलं, "हे एकदा काढ बघू."

"कशाला?"

"काढ. म्हणजे मला कळेल."

"काय कळेल?"

"तुझ्या मनात काय आहे ते."

तिनं मांडीवरचं कापड सारखं केलं. आत थोरलीनं नळ सोडला होता. मग म्हणाली, "विचारा की. समोर बसलेय मी. जे कळून घ्यायचंय ते तोंडानं विचारा. मी सांगेन."

मी विचार करायला लागलो. आयुष्यभर प्रश्नपत्रिका काढल्या. वर्गात उभं राहिलं की प्रश्न आपोआप जिभेवर यायचे. आज एक सुचेना. म्हणजे सुचत होते, पण ज्याचं उत्तर आधीच तयार असावं असे. आणि ती उत्तरं ऐकायला मी एवढा प्रवास करून आलो नव्हतो. ती वाट बघत होती. घाई करत नव्हती. मला हेही दिसत होतं की मी काहीही विचारलं तरी ती खरंच सांगणार आहे, गॉगल असो की नसो. 

शेवटी विचारलं, "कपडे धुवायची पावडर कुठं असते?"

ती तशीच माझ्याकडे तोंड करून बसली होती. मला वाटतं, तिला आणखी काही येईल असं वाटलं असावं.

"बेसिनखालच्या कपाटात," ती म्हणाली. "निळ्या बादलीच्या मागं. एकच चमचा घाला, फेस फार होतो. पांढरे वेगळे."

मी बरं म्हटलं. उठलो. ती दारापर्यंत आली. उतरताना जिन्यात वर पाहिलं तेव्हा ती कठड्याशी उभी होती, पण गॉगलमुळे माझ्याकडे बघत होती की समोरच्या भिंतीकडे, सांगता येत नाही. दुसऱ्या वळणावर यंत्राची टकटक ऐकू यायला लागली.

परतीच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. ऊन तोंडावर येत होतं आणि डोळ्यांना सारखं पाणी लागत होतं, म्हणून तो तपकिरी मीच घातला. मलाही आता डोळे तपासून घ्यायला हवेत. समोर एक बाई बसली होती, अधूनमधून माझ्याकडे बघत होती. तिला काही दिसलं नसावं.

१४ एप्रिल, रविवार

कपडे धुतले. फेस फार झाला.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, आईनं विचारायला सांगितलंय, पावडर सापडली का.

मी म्हटलं, सापडली. सांगितलं होतं तिथंच होती.

मग मी विचारलं, "आणखी काही विचारलं का तिनं?"



"नाही, बाबा," म्हणाली. "एवढंच."